दीड मिनिटाची रील आणि डॉक्टरांचं शिक्षण

नाडीपरीक्षा

डॉक्टरांनी लिहावंच, पण डॉक्टरांना सहन करणाऱ्यांनीही लिहावं म्हणून धागा इथे काढतोय. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असता तर सगळे अंगठा दाखवून पुढे गेले असते.

प्रश्न साधा आहे. आम्ही डॉक्टर शिकतो कुठे? कागदावरचं उत्तर असं की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी चालू ठेवायला ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात आणि ते सीएमईला (डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांना) हजेरी लावून मिळतात. पुण्यात टिळक रोडला, नाहीतर एखाद्या हॉटेलात, हल्ली झूमवर कॅमेरा बंद ठेवून. खरं उत्तर असं की रविवारी क्रेडिट मिळवतो आणि सोमवार ते शनिवार दोन पेशंटांच्या मधल्या फटीत फोनवर शिकतो. त्या शिकण्याची नोंद कुठेही नाही.

हे फार जुनं नाही. २०२० च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स सुरू केले तेही आधी भारतात. नेमकी तेव्हा कॉलेजं बंद आणि वॉर्डात कोविडशिवाय दुसरा पेशंट नाही. त्या वर्षी जे शिकत होते ते आज कन्सल्टंट म्हणून बसलेत, आणि त्यांच्यामुळे आमच्यासारख्या पन्नाशीतल्यांनाही सवय लागली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोटा व्हिडिओ आठवण करून देण्यात एक नंबर आणि पहिल्यांदा शिकवण्यात धोक्याचा. उदाहरण देतो. चक्कर आलेल्या पेशंटसाठी हिंट्स नावाची तपासणी आहे, २००९ च्या एका शोधनिबंधानंतर ती जगभर गाजली. पेशंटची मान झटकन वळवून नजर टिकते का बघायचं, डोळ्यांची थरथर कुठल्या दिशेला ते बघायचं, एकेक डोळा झाकून उघडताना नजर खालीवर सरकते का बघायचं. मेख अशी की मान वळवण्याच्या चाचणीत सगळं 'नॉर्मल' आलं तर घाबरायचं, कारण मग बिघाड कानात नसून मेंदूत असू शकतो. पण ही तपासणी चक्कर सतत चालू असलेल्या आणि डोळे थरथरत असलेल्या पेशंटवरच करायची. कूस बदलली की अर्धा मिनिट गरगरतं आणि एरवी ठणठणीत, अशा माणसावर केलीत तर ती नॉर्मलच येणार आणि तुम्ही त्या बिचाऱ्याला स्ट्रोकच्या संशयाने एमआरआयला पाठवणार. मी बघितलेल्या रील्समध्ये मान वळवणं सुरेख दाखवलेलं असतं. ती कुणावर करायची हे एक तर नसतंच, नाहीतर खाली कॅप्शनमध्ये 'आणखी वाचा'च्या पलीकडे.

बोला.

---

खडूस_पेठकर

म्हणजे पेशंटने गूगल करून यायचं नाही, पण डॉक्टरने रील बघून यायचं? दवाखान्यात पाटी लावा: 'व्हिडिओ बघून आलेल्यांनी (दोन्ही बाजूंच्या) मत विचारल्याशिवाय देऊ नये.'

वाचतोय.

---

तिसरी_नाईट

नाडीपरीक्षा सर, मत पटलं, पण 'धोक्याचा' हा शब्द वापरताना तुमच्या हाताशी सिनियर होते हे विसरू नका.

मी पीजी रेसिडेंट आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. रात्री तीन वाजता कॅज्युअल्टीत छातीत हवा भरलेला पेशंट, आयसीडी (हवा बाहेर काढायची छातीतली नळी) घालायचा आहे, सिनियर ओटीत अडकलेला. मी आधी सिनियरच्या हाताखाली आयसीडी घातलेले आहेत, पण तीन वाजता डोकं रिकामं असतं. सिस्टर ट्रे लावेपर्यंत दोन मिनिटांचा व्हिडिओ बघितला: काखेखालचा सुरक्षित त्रिकोण कुठे, बरगडीच्या वरच्या कडेवरून जायचं कारण खालच्या कडेला रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू, आधी बोट आत घालून बघायचं. पुस्तकात हेच आहे. पण ते पुस्तक खोलीवर, आणि त्यातलं चित्र कुठून काढलंय कळत नाही.

आणि हे फक्त आम्ही पोरं करतो असं नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या सर्जरी विभागात २०१६ साली पाहणी झाली, त्यात विद्यार्थी, रेसिडेंट आणि फॅकल्टी तिघेही होते. ९० टक्के लोक ऑपरेशनच्या तयारीसाठी व्हिडिओ बघतात असं निघालं, आणि सगळ्यांचा अड्डा एकच, यूट्यूब. प्राध्यापकही बघतात, फक्त कबूल करत नाहीत.

---

शून्य_टाके

यूट्यूबचा विषय निघालाच आहे तर दुर्बिणीतून पित्ताशय काढणाऱ्याचं ऐका.

या ऑपरेशनमधली सगळ्यात वाईट चूक म्हणजे पित्ताशयाची नळी समजून मुख्य पित्तनलिका कापणं. पेशंट आयुष्यभर भोगतो. ती टाळायला १९९५ पासून एक शिस्त सांगितली जाते, क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टी. तिथली चरबी आणि पडदा पूर्ण साफ करा, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करा, आत जाणाऱ्या दोनच गोष्टी दिसू देत, आणि तोवर क्लिप लावू नका. आता गंमत बघा. यूट्यूबवरचे लोकप्रिय व्हिडिओ जाणकारांनी या निकषांवर तपासले तेव्हा बहुतेकांत हे दृश्य समाधानकारक दिसलंच नाही. व्हिडिओ वर येतो तो बघणाऱ्यांच्या संख्येवर, करणाऱ्याच्या शिस्तीवर नाही.

आणि रीलमध्ये तर मूळ कामच कापलेलं असतं. चिकटलेल्या पित्ताशयात चाळीस मिनिटं नुसती सोडवासोडव चालते, ती गाळून 'क्लिप, क्लिप, कट' एवढंच दाखवतात. शिकायची गोष्ट ती चाळीस मिनिटंच असते. कुठे थांबायचं, सिनियरला कधी बोलवायचं, पोट कधी उघडायचं, यावर रील मी अजून बघितलेली नाही. बनवली तरी कोण बघणार?

---

मास्तर_निवृत्त

वर दोघांनी लिहिलं त्याला जोड देतो. शिकागो विद्यापीठातल्या दोघांनी २०१८ मध्ये एक मजेशीर प्रयोग छापला. टेबलावरची भांडी न पाडता टेबलक्लॉथ ओढायची युक्ती लोकांना व्हिडिओवर दाखवली, काहींना एकदा, काहींना वीस वेळा. वीस वेळा बघितलेल्यांचा 'मला जमेल' हा विश्वास भरपूर वाढला. डार्ट फेकणं, मूनवॉक असल्याही गोष्टी त्यांनी घेतल्या. प्रत्यक्ष करायला लावलं तर जास्त बघितलेल्यांना काहीही जास्त जमलं नाही.

मी जन्मभर विद्यार्थ्यांना पोट तपासायला शिकवलं. यकृत हाताला लागतं का बघताना पोरगं बोटं खुपसतं, पेशंट पोट आवळतो, मग काहीच लागत नाही. मी त्याच्या हातावर हात ठेवून दाब कमी करायचो. हा दाब कुठल्या पडद्यावर दिसणार आहे? व्हिडिओ तुम्हाला दाखवतो, पण तुमच्याकडे बघत नाही. माझी तक्रार एवढीच आहे, लांबीशी माझं भांडण नाही. आमची तासाभराची लेक्चरंही त्यांच्याकडे बघत नव्हतीच, शेवटच्या बाकावर तर नाहीच नाही.

---

रेखाचित्र

मी डॉक्टर नाही. डॉक्टरांसाठी ॲनिमेशन आणि एडिटिंग करतो, तेव्हा आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो.

छोटं करायचा हट्ट आमचा नसतो. एडएक्स या साइटवरच्या ऑनलाइन कोर्सेसवर २०१४ साली अभ्यास झाला होता, व्हिडिओ बघितल्याच्या ६९ लाख नोंदी तपासून. निष्कर्ष असा की व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे तरी बघणारे सहा मिनिटांपलीकडे टिकत नाहीत. तेही स्वतःहून शिकायला आलेली माणसं. इथे तर शेजारच्या रीलमध्ये मिसळ उकळत असते.

अटी आणि अपवाद का गळतात तेही सांगतो. डॉक्टर स्क्रिप्ट देतात त्यात अट शेवटी असते, कारण पुस्तकात ती शेवटी असते. बघणारा तोवर निघून गेलेला असतो. अट पहिल्या पाच सेकंदांत टाकली तर गळणार नाही. पण तसं सुचवलं की 'सुरुवात निगेटिव्ह वाटते' म्हणून डॉक्टरच नको म्हणतात.

---

मास्तर_निवृत्त

@रेखाचित्र, टिकणं आणि शिकणं या दोन गोष्टी आहेत. २००६ चा रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग बघा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुमची रील त्या पाच मिनिटांसाठी बनलेली असते. शेवटी 'फॉलो करा' म्हणण्याऐवजी एक प्रश्न टाका आणि उत्तर तीन दिवसांनी द्या. बघणारे कमी होतील हे मान्य.

---

धायरी_फाटा

मी जनरल प्रॅक्टिशनर. इथे कुणीतरी रीलच्या बाजूने नीट बोललं पाहिजे म्हणून लिहितोय.

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भागात, म्हणजे सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी, जीबीएसची (गिलाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडतात) साथ आली. दूषित पाणी, त्यातला कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू, संशयित रुग्ण दोनशेच्या वर गेले. साथीआधी जीबीएस मी फक्त परीक्षेत लिहिला होता. आमच्याकडे रोज पन्नास माणसं 'पाय गळाल्यासारखे वाटतात' म्हणून येतात, त्यांना काय सगळ्यांना आयसीयूत पाठवायचं?

तेव्हा एका न्यूरॉलॉजिस्टने दोन मिनिटांचा मराठी व्हिडिओ करून आमच्या ग्रुपवर टाकला. गुडघ्यावर आणि घोट्यामागे हॅमर मारा. उडी येत नसेल तर पेशंटला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगा आणि पुन्हा मारा. आठवड्या-दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झाले होते का विचारा. एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावा, वीसच्या आतच दम संपला तर ताबडतोब पाठवा. आणि ऑक्सिमीटरवर विसंबू नका, आकडा उतरतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. स्टेरॉइड देऊ नका, त्याचा यात उपयोग नाही. संपलं.

तो आठवडाभर माझ्या टेबलावर स्टेथोच्या बाजूला हॅमर होता. हॉलमध्ये तासाभराची सीएमई ठेवेपर्यंत साथ ओसरली असती. आणि त्याच फोनवर त्याच दिवशी 'चिकन बंद, पनीर बंद, पाणी बंद' वालेही व्हिडिओ फिरत होते. तेही दोन मिनिटांचेच. सांगणारा कोण आणि कुणाला सांगतोय, एवढाच फरक.

---

तिसरी_नाईट

+१. यातली खरी गोष्ट म्हणजे सांगणाऱ्याला ऐकणारा माहीत होता. तुमच्याकडे हॅमर आहे, मज्जातंतू तपासायचं एनसीएस मशीन नाही, हे धरून तो बोलला.

---

भूलभुलैया

हाच मुद्दा मला लिहायचा होता. (भूलतज्ज्ञ आहे, आयडीवरून कळलं असेलच.)

इन्स्टावर परदेशी डॉक्टर खिशातून सोनोग्राफीचा प्रोब काढतो, फोनला जोडतो, हृदय बघतो, फुप्फुस बघतो, नस शोधून सुई घालतो. बघायला अप्रतिम. आपल्याकडे १९९४ चा पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा) कायदा आहे आणि तो असण्याची कारणं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. मशीनची नोंदणी, जागेची नोंदणी, वापरणाऱ्याची नोंदणी. तो प्रोब खिशात घालून वॉर्डभर फिरायचं मनात आणलंत तर आधी वकिलाची रील बघा. इंटर्न येऊन विचारतात, 'मॅडम, आपण असं का नाही करत?' आता हे कुणी दीड मिनिटात समजावून दाखवा.

---

सिस्टर_इनचार्ज

शिकणारे फक्त डॉक्टर आहेत असं धाग्यात वाटतंय, म्हणून लॉगिन केलं.

आमच्या आयसीयूत इन्फ्युजन पंप तीन कंपन्यांचे आहेत आणि प्रत्येकाचा अलार्म बंद करायची तऱ्हा वेगळी. मॅन्युअल कपाटात, कपाटाची किल्ली स्टोअरमध्ये. आमच्या एका स्टाफने प्रत्येक पंपाचा मिनिटभराचा व्हिडिओ मोबाइलवर काढला आणि पंपाला क्यूआर कोड चिकटवला. नवीन मुलगी स्कॅन करते, बघते, लगेच हात लावून करते, शेजारी आम्ही उभ्या असतो. याला कुणी मेडिकल एज्युकेशन म्हणणार नाही, पण रात्रीच्या ड्यूटीला यापेक्षा उपयोगी काही मी बघितलेलं नाही. पेशंट फ्रेममध्ये नाही, बॅकग्राउंडला गाणं नाही.

---

भूलभुलैया

सिस्टर, दंडवत. आणि 'पेशंट फ्रेममध्ये नाही' हे ठळक करून ठेवा. वॉर्डात हौसेने शूट करणाऱ्या इंटर्न मंडळींसाठी: ऑपरेशनची संमती म्हणजे चित्रीकरणाची संमती नव्हे, ती वेगळी आणि लेखी घ्या. चेहरा झाकला म्हणजे झालं असंही नाही. हातावरचं गोंदण, मनगटाचा बँड, मॉनिटरवरचं नाव आणि मागे रडणाऱ्या आईचा आवाज, सगळ्यावरून माणूस ओळखू येतो.

---

हडपसरची_मामी

मी पेशंट. नाडीपरीक्षांनी लिहिलंय ती कूस बदलल्यावरची चक्कर मला आहे. आमच्या डॉक्टरांनी मला एक व्हिडिओ पाठवला आणि 'मामी, हे घरी करा' म्हणाले. केलं, बरंही वाटलं. मग नणंदेला झालं म्हणून तिला तोच पाठवला. तिला काही फरक नाही, उलट ओकाऱ्या. असं का?

---

नाडीपरीक्षा

मामी, तुम्ही केलंत ते एपलीचं तंत्र असणार. कानातल्या नलिकेत सुटलेले बारीक कण मान फिरवून जागेवर न्यायचे. ते कण कुठल्या कानात आहेत यावर मान आधी कुठे वळवायची ते ठरतं. डॉक्टरांनी तुम्हाला तपासून तुमच्या बाजूचा व्हिडिओ दिला असेल. नणंदबाईंचा कदाचित दुसरा कान असेल, दुसरी नलिका असेल, किंवा दुखणंच वेगळं असेल. त्यांना तपासून घ्यायला सांगा. मानेच्या मणक्याचा त्रास असेल तर हे आपल्या मनाने अजिबात करू नये.

२०१२ मध्ये यूट्यूबवरचे एपलीचे ३३ व्हिडिओ तज्ज्ञांनी तपासले होते. त्यांतले २१ बरोबर निघाले. म्हणजे ही युक्ती व्हिडिओवर दाखवण्यासारखी आहेच, आणि खालच्या प्रतिक्रियांमध्ये तेव्हाही दिसत होतं की काही डॉक्टर पेशंटना व्हिडिओच लिहून देतात. पण बरोबर व्हिडिओसुद्धा बाजू विचारत नाही.

---

राजगडच्या_पायथ्याशी

उशिरा आलो, रेंज नव्हती.

वेल्ह्याकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर आहे. वरच्या सगळ्यांकडे सिनियर, न्यूरॉलॉजिस्ट, मास्तर कुणीतरी आहे. आमच्याकडे मी, सिस्टर आणि १०८. त्यामुळे माझ्यासाठी व्हिडिओ हाच सिनियर.

पण कुठला? सर्पदंश म्हणून शोधलं तर अमेरिकेतले रॅटलस्नेक येतात. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस, फुरसे, आणि चौघांवर मिळून एकच प्रतिविष. आमचं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र म्हणजे काचेची टेस्ट ट्यूब. दोन मिली रक्त घ्या, वीस मिनिटं न हलवता ठेवा, मग वाकडी करून बघा गोठलं का. ट्यूब काचेचीच हवी, कोरडी हवी आणि साबणाने धुतलेली नको. प्लॅस्टिकची वापरलीत तर उत्तर चुकतं. हे दाखवणारा धड व्हिडिओ मराठीत मला मिळाला नाही.

विंचवाचं तर विचारूच नका. लाल विंचू चावून पोरं छातीत पाणी भरून जायची. प्राझोसिन देऊन ती वाचवता येतात हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं, लॅन्सेटमध्ये छापलं. औषध स्वस्त, गोळी तोंडाने. शोध घाटाच्या पलीकडचा, आणि माझ्याकडे बदलून आलेल्या तरुण डॉक्टरला पुणे शहरात शिकून तो ठाऊक नव्हता. त्याच्या फोनवर स्ट्रोकचे सुंदर ॲनिमेशन होते, विंचू नव्हता. अल्गोरिदमला विंचू चावत नाही.

---

रेखाचित्र

@राजगडच्या_पायथ्याशी, तुम्ही मजकूर द्या, मी करतो. पैसे नकोत. नव्वद सेकंद, मराठी, आवाज तुमचाच.

---

राजगडच्या_पायथ्याशी

घ्या.

'विंचू चावलाय, नुसता ठणका आहे, हातपाय गरम आहेत: प्राझोसिन नको. वेदनेवर उपचार, आणि लक्ष ठेवा.
दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, नाडी जोरात, मुलग्याचं लिंग ताठ: विष अंगात भिनलंय. प्राझोसिन सुरू करा. मुलांना किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने. दर तीन तासांनी पुन्हा, हातपाय गरम आणि कोरडे होईपर्यंत.
खोकला, धाप, गुलाबी फेस: ऑक्सिजन लावा, पुढे पाठवायची तयारी करा.'

---

भूलभुलैया

पहिलं वाक्य अटीचं ठेवलंत हे उत्तम. एक राहिलं. गोळी दिल्यावर मूल आडवंच ठेवायचं. आई कडेवर उचलून घेते, बीपी धाडकन उतरतं. हे डोसच्या आधी घाला, नंतर नको. आणि डोस बोलू नका, पडद्यावर लिहा. आवाज बंद करून बघणारे फार.

---

मास्तर_निवृत्त

शेवटी प्रश्न टाका: 'आठ वर्षांचा मुलगा, २० किलो, घाम, हात गार. किती द्याल?' उत्तर त्याच व्हिडिओत देऊ नका.

---

राजगडच्या_पायथ्याशी

दोन्ही घालतो. मास्तर, ६०० मायक्रोग्रॅम, आणि गोळी एक मिलिग्रॅमची मिळते, तेव्हा ती कशी विभागायची तेही दाखवावं लागेल. त्याचा वेगळा व्हिडिओ, सिस्टरच्या हातांचा.

@रेखाचित्र, सोमवारी ओपीडी तुडुंब असते, मंगळवारी दुपारनंतर या. नसरापूर सोडलं की फोन लागेलच असं नाही, त्यामुळे निघतानाच कळवा. खरा विंचू आणायला मात्र सांगू नका.